मुक्ताई येणार आहे का खोडं उचलायला?

रावेर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र थोडक्यात देते. बाईंचं वय 47. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तेव्हापासून तीन एकर केळी, घर, शेतीच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, सगळं त्यांच्या एकटीवर. मे महिन्याच्या वादळात कटाईला आलेली मृगबाग, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, आडवी झाली. त्या लिहितात, “आजवर कुणापुढे हात पसरला नाही, स्वतःच्या हिमतीवर ओढलं. सासूबाई एकच म्हणतात, मुक्ताईवर सोड. त्या दिवशी मी तोंडावर बोलले, मुक्ताई येणार आहे का खोडं उचलायला? तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आक्का, देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हात जोडून बसायचं? माझं चुकलं का?”

बाई, तुला अहो-जाहो करत नाही. माझी धाकटी बहीण तुझ्याएवढी आहे.

आधी त्या ओळीबद्दल. दुसऱ्या पानावर विहिरीबद्दल एक ओळ लिहून तू खोडलीस. मला ती वाचता आली. (शाळेत अडतीस वर्षं वह्या तपासल्यात, पोरांनी खोडलेलंच आधी दिसतं.) तसा विचार पुन्हा आला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, 14416 ला फोन लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. आणि ती ओळ घरातल्या एका तरी माणसाला तोंडाने सांग. बाकीचं सगळं यानंतर.

आता खोडं. देवाला असं विचारल्याने पाप लागत असतं तर जनाबाईचं काही खरं नव्हतं. तिने विठ्ठलाला काय काय ऐकवलंय! चिडतो तो माणूस देव आहे असं धरूनच चिडतो, नसलेल्याशी कोण भांडेल? तेव्हा मुक्ताईची काळजी करू नको. सासूबाईंचं मात्र लागलं असणार. पंच्याहत्तरीची बाई. तिला खोड उचलता येत नाही, बँकेत जाता येत नाही, मुलाला कुशीवर वळवतानाही तुझीच मदत लागते. ‘मुक्ताईवर सोड’ हा तिचा सल्ला नव्हता गं, ती तिची मदत होती. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलंय, आणि तू ते परत केलंस.

परत करण्यावरून सांगते, तुझ्या पत्रात मला सगळ्यात खुपलं ते वादळ नाही. तू सहज लिहून गेलीस ते खुपलं. वादळानंतर तीन दिवस तू आणि एक मजूर अर्धवट वाकलेल्या झाडांना बांबूचे टेकू देत होता. शेजारचा शेतकरी बांधावर आला, “वहिनी, फोटो काढू, विम्याला कळवून टाकू” म्हणाला, आणि तू “माझं मी बघते” म्हणून त्याला वाटेला लावलंस. केळीच्या हवामानावर आधारित विम्यात वाऱ्याने झालेल्या नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागते. तुझे ते 72 तास टेकू देण्यात गेले, आणि टेकू दिलेली झाडंही चौथ्या दिवशी पडलीच. मी तुला टोचत नाही. पण याला हिंमत म्हणू नको. थकलेल्या माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं, ते हे आहे.

मला हे कळतं कारण मी यातून गेले आहे. आमचे हे आजारी होते, पगार औषधात जायचा. धाकट्या भावाने गावाहून बैलगाडीत घालून ज्वारी पाठवली, दोन पोती, आणि स्वतः सोबत आला. मी दारातूनच गाडी परत पाठवली. आमचं आम्हाला पुरतं म्हटलं. तो काही बोलला नाही, बैल वळवले. त्या रात्री पोरांना मी कण्या शिजवून घातल्या आणि देवापुढे दिवा लावून, देवा, काहीतरी कर म्हणाले! रोज पूजा करायचे बरं का. पण देवाला मी पाहुण्यासारखं वागवत होते. पाट, पाणी, नैवेद्य. घरात डबे रिकामे आहेत हे पाहुण्याला कोण सांगतं? आणि त्याने दारात गाडी उभी केली तर ती मी ओळखलीच नाही.

देवावर सोडणं म्हणजे काय, ते तुझ्या सासूबाईंच्या वारीतच बघ. त्या सात वर्षं पालखीसोबत गेल्या म्हणतेस. मुक्ताईनगरहून पंढरपूर, महिन्याहून जास्त दिवसांची चाल. त्यात वारकरी पाय कुणाचे चालवतो? स्वतःचे. पायाला फोड आले तर ते त्याचेच. पण वळकटी तो ट्रकमध्ये टाकतो. आज मुक्कामाला भाकरी कोण देणार, पाऊस आला तर कुठे थांबायचं, याचा हिशोब करत तो चालत नाही. दिंडी बघते, गाव बघतं, आणि या सगळ्यांना चालवणारा बघतो, असं धरून टाळ वाजवतो. तू पायही चालवतेस आणि वळकटीही डोक्यावर घेऊन निघालीस. वर सगळ्या दिंडीचं सामान आपण नाही उचललं तर पालखीच पोचणार नाही, असं तुला वाटतंय. हात जोडून बस असं कुणीच म्हणत नाही. चाल. फक्त डोक्यावरचं खाली ठेव.

खाली ठेवायचं म्हणजे काय काय? वादळ येणार की नाही, बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव किती निघणार, नवऱ्याचा हात पुन्हा हलणार का. हे तुझं कधी नव्हतंच. रात्री तीनपर्यंत जागून तू जे धरून ठेवतेस ते हेच आहे. दिवसाची कामं तर तू उजेडातच उरकतेस, असं तूच लिहिलंस.

आणि ज्या मुक्ताईचं नाव सासूबाईंनी घेतलं तिची आठवण तरी कर. 1297 च्या वैशाखात तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि त्यात ती गुप्त झाली असं आपण मानतो. म्हणजे वैशाखातलं वादळ काय करतं हे तिला तू सांगायला नको. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले, तेव्हा बाहेर बसून त्यांना समजावणारीही तीच, वयाने सगळ्यांत लहान. तिने ताटी मोडली नाही. आतल्याने उघडेपर्यंत बोलत राहिली. तुझ्या बांधावर उभा राहून “फोटो काढू” म्हणणारा माणूस कोण होता, याचा जरा विचार कर.

आता शेतीचं, भराभर. पंचनाम्याच्या यादीत तुझा गट नंबर आहे का, तलाठ्याकडे स्वतः जाऊन बघ, किंवा त्याच शेजाऱ्याला बघायला सांग. दुसरं बरं. तापमानाचा विमा वाऱ्यापेक्षा वेगळा असतो, तो हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरतो आणि त्यासाठी तू नुकसान कळवायची गरज नसते. तुमच्या महसूल मंडळात तो लागलाय का, ते कृषी सहायकाला विचार. सोसायटीच्या सचिवाला गाठून कर्जाचं पुनर्गठन होतं का ते विचार, लाजू नको, यंदा तू एकटी नाहीस. आणि मोडलेली सगळी बाग एकदम उपटून टाकायची घाई करू नको. जिथे पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, जोमदार आहे तिथे तोच वाढवून पिलबाग धरता येते, बाकीच्या जागेचा निर्णय कांदेबागेपर्यंत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या लागवडीपर्यंत, थांबू शकतो. त्याला अजून वेळ आहे. आज रात्री ठरवलंच पाहिजे असं यात काही नाही.

गावातला एक माणूस ‘बाहेरचं आहे’ म्हणून अकरा हजारांची पूजा सांगतोय असं लिहिलंस, त्याला दारात उभा करू नको. संकट दाखवून पैसे उकळणाऱ्या अशांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. विश्वासाला पावती फाडावी लागत नाही.

सासूबाईंशी बोलायला मोठी माफी वगैरे शोधत बसू नको. संध्याकाळी त्या हरिपाठाला बसतात ना? जवळ जाऊन बस. पाठ नसेल तर नुसती बस. झालं की म्हण, “माय, मले जमत नाही सोडायला, तुम्हीच माझ्या वाटचं सोडा.” त्यांना काम दे, बाई. दोन वर्षांत या घरात कुणी त्यांना काही मागितलेलं नाही.

भावाच्या ज्वारीचं राहिलं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा झोक्यावरून उतरून मीच म्हटलं, ज्वारी आहे का रे? त्याने वर न बघता विचारलं, किती? दोन पोती म्हटलं. “मागच्या वर्षीची बांधलेलीच आहेत,” म्हणाला, “सुतळी सोडली नाही अजून.”