निकोटिन गमने तलफ जात नाही?

प्रश्न : सिगारेट सोडण्यासाठी दवाखान्यातून मिळालेला निकोटिन गम चघळला की उचकी लागते, मळमळतं, तलफ तशीच. बंद करू का?

उत्तर : बंद करू नका, पद्धत बदला. सलग चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. ते गालाच्या आतून शोषलं जायला हवं. सावकाश चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवा, ओसरल्या की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं कॉफी, फळांचा रस नको. आम्लाने शोषण घटतं. मात्राही डॉक्टरांकडून तपासून घ्या : उठल्यावर 30 मिनिटांत पहिली सिगारेट लागायची असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. सुरुवातीचे 6 आठवडे दर एक-दोन तासांनी घ्या. तलफ येण्याची वाट पाहत बसू नका, बहुतेकांचं इथेच चुकतं.