सहाव्या आठवड्यातलं रडू

"ऑपरेशनला सहा आठवडे झाले, गुडघा अजून दुखतोच आहे. रात्री झोप नाही, कशात मन लागत नाही, उगाचच रडू येतं. ऑपरेशन फसलं तर नाही ना?"

गुडघा बदलून घेतलेल्या माणसांचा हा ठरलेला प्रश्न. तो पहिल्या आठवड्यात फारसा येत नाही, चौथ्यापासून आठव्यापर्यंत येतो. सुरुवातीला दुखणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं, टाके असतात, घरात माणसांचा राबता असतो. मग टाके निघतात, भेटायला येणारे थांबतात, घरातले आपापल्या कामाला लागतात. नेमकं तेव्हाच लक्षात येतं की हा गुडघा अजून आपला वाटत नाही.

पुढे ज्या काकू येतात त्या कुणी एक व्यक्ती नाहीत. समुपदेशनाला एकसारख्या तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांवरून बांधलेलं ते चित्र आहे.

वय ६६. उजवा गुडघा पूर्ण बदललेला, डावाही झिजलेला. वॉकर सुटून हातात काठी आलेली. सुनेबरोबर आल्या, खुर्चीत बसताना उजवा पाय सरळ पुढे टाकला आणि तो तसाच ठेवला. एवढ्यावरूनच बरंच कळतं: गुडघा वाकवायची धास्ती बसली आहे. पहिलंच वाक्य होतं, "चांगला चालता पाय मी हौसेनं कापून घेतला." सून हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं." दोघी खरंच बोलत होत्या. आजच्या दुखण्यापुढे कालचं दुखणं आठवत नाही.

अशा वेळी मनाला हात घालण्याआधी शरीराचं विचारून घ्यायचं. पोटरी एकाच पायाची सुजली किंवा दुखते आहे का? दम लागतो का, छातीत दुखतं का? ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली? काल पाय टेकवता येत होता आणि आज अचानक येत नाही, असं काही? यातलं एक जरी असलं तरी समुपदेशन बाजूला. त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून दम किंवा छातीचं दुखणं असेल तर थेट तातडीच्या विभागात. काकूंना यातलं काही नव्हतं. हिमोग्लोबिन मात्र ऑपरेशननंतर तपासलंच नव्हतं. रक्त कमी असलं की येणारा थकवा हुबेहूब उदासीसारखा दिसतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यायला सांगितली. थोडं कमी निघालं, त्यावर डॉक्टरांनी औषध दिलं.

खरी गोम गोळ्यांमध्ये निघाली. "सवय लागेल, किडनी जाईल" या भीतीनं काकूंनी तिसऱ्या आठवड्यात वेदनाशामकं स्वतःच्या मनानं बंद केली होती. त्यात ट्रॅमाडॉल होतं. ही गोळी काही आठवडे रोज घेऊन एकदम तोडली तर घाम येतो, जीव घाबराघुबरा होतो, झोप उडते. ते दिवस कसेबसे गेले. पण गोळी नाही म्हणून व्यायामात कळ यायला लागली, कळ नको म्हणून व्यायाम सुटला, व्यायाम सुटला म्हणून गुडघा आखडला. आखडलेला गुडघा आणखी दुखतो, आणि तो दुखला की काकूंच्या मनात "फसलं" हा शब्द पक्का होतो. उदासीचं मूळ आणि ताठरपणाचं मूळ असं एकाच गाठीत अडकलं होतं. किडनीची भीती निराधार नव्हती. काही सूजविरोधी गोळ्या किडनीला आणि जठराला खरोखरच त्रास देतात, पण त्यावर उत्तर गोळी बदलून घेणं हे आहे, सगळ्याच सोडून देणं नव्हे. आणि पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत, सर्दीच्या औषधांतसुद्धा असतं. दोन पाकिटांतून नकळत दुप्पट पोटात जातं. म्हणून सगळी पाकिटं एकदा डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवायची.

काकूंनी व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवलं. "इथं मला माझाच हात लागत नाही. शीर कापली गेली ना?" हो, गेली. गुडघ्यासमोर चीर दिली की कातडीला संवेदना देणाऱ्या बारीक नसेच्या फांद्या तुटतात, आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो. महिन्यांमध्ये तो आक्रसतो, काहींचा थोडा कायम राहतो. चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. सूज ३ ते ६ महिने राहू शकते, हाताला लागणारी ऊब त्याहूनही जास्त काळ. नव्या सांध्यातलं धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकताना टकटक ऐकू येते. हे ऑपरेशनआधीच सांगितलेलं असतं, पण त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात राहत नाही. काकूंनी हे सगळं पुराव्यासारखं गोळा करून ठेवलं होतं. एकेक कागद बाजूला काढावा तसं ते काढावं लागलं.

दुर्लक्ष करू नये अशी गोष्ट वेगळीच होती. गुडघा ७५ अंशांच्या पुढे वाकत नव्हता. साधा जिना चढायला ९० च्या आसपास वाकावा लागतो, नेहमीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोडा जास्त. सहा आठवड्यांनंतरही ९० गाठत नसेल तर सर्जन कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवतात, आणि तो उपाय पहिल्या तीनेक महिन्यांत जास्त लागू पडतो. म्हणजे "मन ताळ्यावर आलं की व्यायाम करीन" असं म्हणायला सवडच नसते. शिवाय काकू गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत होत्या. बरं वाटतं खरं, पण गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. लंगडत चालण्याचं ते एक नेहमीचं कारण. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

मनाचं माप घ्यायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, गुण ० ते २७, १० किंवा त्याहून जास्त आले तर दखल घ्यायची. काकूंचे १४ आले. पण झोप, थकवा, भूक, हालचालींतला मंदपणा हे प्रश्न ऑपरेशननंतर कुणाचेही गुण वाढवतात. त्यामुळे अशा रुग्णात पहिले दोन प्रश्न, म्हणजे कशातच रस न वाटणं आणि खिन्नता, जास्त बोलके असतात. काकूंचे दोन्ही वर होते. नववा प्रश्न कागदावर सोडून चालत नाही, तोंडानं विचारावा लागतो: "यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का? स्वतःला काही करावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. काकू म्हणाल्या, "कंटाळा येतो, पण तसलं काही नाही." उत्तर हो आलं असतं तर त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

"सकारात्मक विचार करा" हे मात्र सांगायचं नाही. दुखणाऱ्या माणसाला त्यातून "तुमचं दुखणं खोटं आहे" एवढंच ऐकू येतं. दुखणं खरंच असतं. ते किती जाणवेल हे वाटेत ठरतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये पाठीच्या कण्यातल्या 'दरवाजा'ची कल्पना मांडली. पुढच्या संशोधनात तिच्यात बरेच बदल झाले, पण रुग्णाला समजवायला ती अजून उपयोगी पडते. गुडघ्याकडून येणारा निरोप दारातून जातो. भीती, जागरण, सतत तिकडेच लक्ष यांनी दार सताड उघडतं. हालचाल, झोप, दुसरीकडे गुंतलेलं मन यांनी ते लोटलं जातं. काकूंनी लगेच विचारलं, "म्हणून रात्री जास्त दुखतं?" तेही एक कारण, आणि दिवसभराच्या उभं राहण्यानं साचलेली सूज हे दुसरं.

पहिलं काम सर्जनला भेटून गोळ्यांचं नवं वेळापत्रक. त्यातली एक मात्रा व्यायामाच्या ३० ते ४५ मिनिटं आधी येईल असं बसवून घेतलं. मग व्यायाम. फिजिओनं दिलेला एक तासाचा कार्यक्रम त्यांच्याच सल्ल्यानं २० मिनिटांच्या तीन तुकड्यांत मोडला. पाठीवर झोपून, पायात मोजा घालून, गुळगुळीत चादरीवर टाच कमरेकडे सरकवत आणायची, जिथं अडेल तिथं ५ सेकंद धरायचं, दहा वेळा. काकू हे करताना श्वास रोखून दात आवळत होत्या. असं केलं की मांडीचा स्नायू ताठ होतो आणि वाकण्याला तोच आडवा येतो. म्हणून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आणि टाच सरकवायची ती श्वास सोडताना. पहिल्याच दिवशी दोन बोटं जास्त सरकली. फरक श्वासाचा की वेळेवर घेतलेल्या गोळीचा, हे सांगता येणार नाही. दोन्ही चालू ठेवले. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. बधिर भागावर थेट बर्फ ठेवला तर कातडी भाजते आणि कळतही नाही.

किती दुखलं तर चालेल? ० ते १० मध्ये ५ पर्यंत चालेल, पण ते तासा-दोन तासांत पूर्वपदावर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं वाढलेलं असेल तर पुढचा व्यायाम एक तृतीयांशानं कमी करायचा, बंद नाही. बंद करण्यातच सगळा घोटाळा होतो. काकूंचा त्याच्या उलटाही घोटाळा होता. एक दिवस बरं वाटलं म्हणून त्यांनी कपाटं आवरायला काढली आणि पुढचे तीन दिवस पलंगावर. यावर गजराचा उपाय: वाईट दिवशीही जमेल तेवढं चालणं आधी मोजायचं. ते ८ मिनिटं निघालं, म्हणून सुरुवात ६ मिनिटांनी. गजर वाजला की पाय कितीही बरा वाटत असला तरी थांबायचं, आणि दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. बरं वाटत असताना थांबणं काकूंना सगळ्यात जड गेलं.

वहीत तीन रकाने: दुखणं किती, काय केलं, मनात काय आलं. दुखण्याचा आकडा दिवसातून दोनदाच लिहायचा. तासातासाला मोजलं की दिवसभर लक्ष गुडघ्यातच राहतं. तिसऱ्या रकान्यात रोज "फसलं" येत होतं. ते खोडायला सांगितलं नाही. त्यापुढे "आज कशावरून?" याचं उत्तर लिहायचं. चार-पाच दिवसांत तिथं "आज ताठ आहे, काल व्यायाम एकदाच झाला" अशी वाक्यं यायला लागली. ती आनंदाची नाहीत, पण त्यावर काही करता येतं.

काकूंना भरतकामाची आवड होती, ते ऑपरेशनपासून पेटीत पडून होतं. "मन होईल तेव्हा घेईन," म्हणाल्या. उदासीत मन होत नाही. आधी हात लागतो, मन मागून येतं. रोज चारला २० मिनिटं, खुर्चीत, पाय सरकवून खुर्चीखाली घेतलेला. टाके घालता घालता गुडघाही वाकलेला राहतो. ही युक्ती फिजिओला इतकी आवडली की त्यांनी ती आपल्या कागदावर लिहून घेतली.

घरच्यांशी अर्धा तास वेगळं बोलावं लागलं. सून पाण्याचा पेलासुद्धा हातात देत होती आणि काका म्हणत, "अमक्या बाई सहा आठवड्यांत गाडी चालवायला लागल्या." एकानं माणूस परावलंबी होतो, दुसऱ्यानं खचतो. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर पुष्कळ अवलंबून असतं. शिवाय दुसऱ्या गुडघ्याची अवस्था, वय, इतर आजार. अमक्या बाईंचं यातलं काहीच काकांना माहीत नव्हतं. ठरलं असं: "किती दुखतंय?" हा प्रश्न बंद, त्याऐवजी "आज काय काय झालं?" पाण्यासाठी गळ्यात अडकवायची पिशवी, कारण एक हात काठीला लागतो.

झोपेवर विशेष काही केलं नाही. रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी झोपेजवळ आणली, दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणली, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. झोपेची गोळी मनानं घ्यायची नाही, हे दोनदा सांगितलं. ट्रॅमाडॉल किंवा प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाच्या जोडीला ती घेतली तर गुंगी वाढते, रात्री बाथरूमला जाताना पाय अडखळतो, आणि श्वासही मंदावू शकतो.

आठव्या आठवड्यात गुडघा ९२ अंश वाकला, गुण ९ वर आले. बाराव्यात १०८ आणि ५. दुखणं ६ वरून ३ वर. शून्यावर आलेलं नाही. सगळ्यांचं इतकंही होत नाही. सांधा नीट बसलेला असूनही दहातल्या एक-दोघांचं दुखणं दीर्घकाळ रेंगाळतं, त्यांना नव्यानं तपासावं लागतं. आणि महिनाभर हे सगळं करूनही गुण १० च्या खाली येत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. तिथं ट्रॅमाडॉल चालू आहे हे न विसरता सांगायचं. उदासीवरच्या काही गोळ्यांशी त्याचं पटत नाही.

शेवटच्या भेटीत काकूंनी डाव्या गुडघ्याचं विचारलं. तारीख सर्जन ठरवतील, पण त्याआधी हिमोग्लोबिन पाहायचं, आत्ताच्या गोळ्यांची यादी न्यायची आणि पीएचक्यू-९ ऑपरेशनआधीच भरून ठेवायचं, एवढं ठरलं. वहीतली उरलेली पानं त्यांनी आठवड्यांप्रमाणे आखून आणली होती. बाकी पानं कोरी होती. सहाव्या आठवड्याच्या पानावर वरच्या बाजूला आधीच लिहिलं होतं: "रडू येईल. गोळी व्यायामाच्या आधी. उशी टाचेखाली."