एक्मोने गुठळी विरघळत नाही, मग पल्मनरी एम्बोलिझममध्ये ते लावतात कशाला?

तुम्ही विचारलंय की पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या रुग्णाला अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) देऊन झालं, नॉरअॅड्रेनॅलिन (बीपी वाढवणारं औषध) चालू आहे, तरी बीपी ८० च्या वर टिकत नाही, आणि डॉक्टर आता एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत पाठवणारं मशीन, म्हणतायत. गुठळी तर तशीच राहणार, मग उपयोग काय? अशा रुग्णाचा जीव जातो तो हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याने (जो रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो) हात टेकल्यामुळे. एक्मो त्याचंच ओझं उतरवतं.

या कप्प्याची भिंत पातळ असते. फुफ्फुसाची धमनी अचानक तुंबली, तर सरासरी ४० मिमीपेक्षा जास्त दाब त्याला पेलत नाही. तो फुगतो, मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या कप्प्यात रक्त कमी येतं, बीपी पडतं. बीपी पडलं की उजव्या कप्प्याच्या स्नायूलाच रक्त पुरत नाही आणि तो आणखी ढेपाळतो. म्हणून बीपी कमी दिसतंय म्हणून सलाईनच्या बाटल्या चढवणं घातक. ५०० मिलीच्या पुढे जाऊ नये. घाईने नळी घालून व्हेंटिलेटरवर घेणंही तसंच. भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेंटिलेटरचा दाब छातीत वाढतो आणि पुष्कळदा तिथेच हृदय थांबतं. रुग्ण साथ देत असेल तर जागेपणी, जांघ बधिर करून एक्मो लावता येतं, आणि जमत असेल तिथे मी तेच सुचवेन.

इथे व्हीए एक्मोच हवं, म्हणजे रक्त शिरेतून काढून धमनीत परत सोडणारं. व्हीव्हीमध्ये (शिरेतून काढून शिरेतच परत) ऑक्सिजन मिसळलेलं रक्त पुन्हा त्याच थकलेल्या कप्प्यापुढे येतं.

नळ्या घालण्याआधी दोन्ही जांघांच्या शिरा सोनोग्राफीने दाबून बघायच्या. गुठळी बहुतेकदा पायातूनच आलेली असते, तिचा उरलेला भाग तिथेच असू शकतो. शीर मोकळी असेल तर २१ ते २५ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापर्यंत, आणि धमनीत १५ ते १७ फ्रेंचची. त्याआधी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), किलोमागे साधारण ५० ते १०० युनिट. गुठळी विरघळवणारं औषध नुकतंच दिलं असेल तर कमी. त्याच पायाच्या धमनीत खालच्या दिशेने ६ ते ८ फ्रेंचची छोटी नळी लगेच घालायची. ‘नंतर बघू’ म्हटलं की काही तासांत पाय थंड आणि निळा पडतो. प्रवाह मिनिटाला ३ ते ५ लिटर, सरासरी बीपी ६५ च्या आसपास.

पुढची सगळी कसरत रक्तस्रावाची. अल्टेप्लेजनंतर जांघेतून, नाकातून, पोटात, कुठूनही रक्त येऊ शकतं. नळी एकाच टोच्यात, सोनोग्राफीखाली घालण्याचा आग्रह त्यासाठीच. रक्त ओढणारी नळी थरथरू लागली तर पंपाचे फेरे वाढवायचे नाहीत, आधी कमी करायचे आणि रक्त कुठे कमी पडतंय ते शोधायचं. सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) क्लिप आणि आर्टेरियल लाइन (धमनीतली बारीक नळी) उजव्या हातालाच. एक्मोचं रक्त जांघेतून वर येतं. हृदय सावरू लागलं पण फुफ्फुस सावरलं नसेल, तर हृदयाकडून मेंदूला कमी ऑक्सिजनचं रक्त जातं, आणि पायाचा रिपोर्ट मात्र छान येतो.

गुठळीचं काय, ते एक्मोच्या आडोशाला ठरवायचं: नुसतं हेपॅरिन आणि शरीराची स्वतःची विरघळवण्याची ताकद, कॅथेटरने काढणं, किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत एक्मोला ‘विचार करता येईल’ एवढंच स्थान आहे, तेही कॅथेटर किंवा शस्त्रक्रियेच्या जोडीने. पुरावा मर्यादित आहे, पण हृदय थांबण्याआधी लावलेलं एक्मो आणि सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) चालू असताना लावलेलं एक्मो यांत फार फरक पडतो, म्हणून टीमला आधीच बोलवावं. एक्मोचं मूळ असलेल्या हार्ट-लंग मशीनची कल्पनासुद्धा अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांना बॉस्टनमध्ये अशाच एका रुग्णाच्या उशाशी बसून सुचली. १९५३ मध्ये ते मशीन शस्त्रक्रियेत यशस्वी ठरलं.

बहुतेकदा काही दिवसांत प्रवाह हळूहळू १ ते १.५ लिटरवर आणून एकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) उजवा कप्पा बघतात. तो तग धरतोय असं दिसलं की नळ्या काढतात. त्यानंतर रक्त पातळ ठेवणारं औषध निदान ३ महिने, आणि तरीही चढ चढताना दम लागत असेल तर पुन्हा एको आणि व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) करून घ्या, जुनी गुठळी धमनीत घट्ट बसली आहे का ते त्यातून कळतं.