परत येतेस, तर आधी नवखी हो

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

सौदीची नर्सची नोकरी सोडून बेळगावला यायचं नक्की केलंस, ऐकून फार बरं वाटलं. घरचे म्हणतील, "एवढा पगार सोडून कशाला?" इथे पगार कमीच मिळेल, खूप कमी. रियालचा हिशोब करत बसू नकोस. घराचं कर्ज असेल तर तेवढं मात्र फेडूनच ये.

फायनल एक्झिट, म्हणजे सौदी कायमची सोडायचा व्हिसा, लागण्याआधी अनुभवाचा दाखला हातात घे. पद, वॉर्ड, तारखा, सगळं त्यात नीट हवं. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघ. उद्या चंदगड-गडहिंग्लजकडे नोकरी धरलीस तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे वेगळी नोंदणी लागेल.

कागद होतील गं. मला काळजी आहे ती पहिल्या काही महिन्यांची. आयसीयूत तुझा हात तयार झालाय, पण इथल्या वॉर्डात तू नवखीच. इन्सुलिनचंच घे. तिथे एका मिलिलिटरला १०० युनिटची कुपी आणि १०० चीच सिरिंज. इथे एका मिलिलिटरला ४० युनिटची कुपी सर्रास मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची केशरी. १०० ची कुपी ४० च्या सिरिंजने भरलीस, तर २० समजून ५० युनिट जातील. साखर किती खाली जाईल ते तुला सांगायला नको. हात सवयीने चालतो, म्हणून कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाच, दुसऱ्या सिस्टरला दाखव. दोघींनी औषध तपासायची ही तिथली सवय इथे जरूर रुजव. पण "आमच्या सौदीत असं नसतं" हे वाक्य निदान वर्षभर तोंडातून काढू नकोस. रात्री एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला ते लागतं, आणि लागणारच.

तिच्याकडून तुला शिकायचंही आहे. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातून सर्पदंशाचे पेशंट येतात. लॅब बंद असली तरी ती स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेते, २० मिनिटं जराही न हलवता ठेवते आणि मग नळी तिरपी करून बघते. रक्त गोठलं नसेल तर विष चढल्याची खूण समजून धावत डॉक्टरांना गाठते. प्लास्टिकची नळी या तपासणीला चालत नाही, हेही तीच तुला सांगेल.

आणि कन्नड. तू मराठी शाळेतली. बोलतेस थोडंफार, वाचता येत नाही. सीमेच्या वादावर आपलं मत काहीही असो, बैलहोंगलची म्हातारी छातीतली कळ तिच्याच भाषेत सांगणार. सरकारी दवाखान्यात गेलीस तर परिपत्रकंही कन्नडात येतात. ड्युटीनंतर अर्धा तास काढून अक्षरं आत्तापासूनच गिरवायला घे.

ऑफिसने दाखल्याचा मसुदा दिला की सही-शिक्क्याआधी मला फोटो पाठव. तारीख किंवा पद चुकलं असेल तर तू तिथे आहेस तोवरच दुरुस्त होईल. एकदा इकडे आलीस की त्या ऑफिसात तुझा फोन कुणी उचलणार नाही.