‘फक्त नाव द्या’ म्हणतात, देऊ का?

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. आमच्या गावात मुलींचं वसतिगृह चालवणारी जुनी संस्था आहे. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. ‘बाई, विश्वस्त व्हा. फक्त नाव द्या, बाकी आम्ही बघतो,’ म्हणतो. हो म्हणू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, काम चांगलं आहे, जरूर करा. नुसतं नाव मात्र देऊ नका.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मलाही असंच एका वाचनालयाच्या ट्रस्टवर घेतलं. पहिल्या सभेत हार आणि भजी. दुसऱ्या सभेत इतिवृत्ताची वही सहीला आली, तर एका ठरावाखाली ‘सूचक’ म्हणून माझंच नाव! मी तोंडही उघडलं नव्हतं. मग धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढला. सात विश्वस्तांपैकी तिघे कधीच वारलेले, आणि मी त्यात नाहीच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं कुणी दिलाच नव्हता. बँकेनं माझी सही घ्यायला नकार दिला. टेबलापलीकडे मी असते तर मीही तेच केलं असतं म्हणा.

तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याकडे आधी हा उतारा मागा, संस्थेची घटना मागा, आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. आकड्यांशी झटापट नको. लेखापरीक्षकाचे शेरे वाचा, गोम तिथेच असते. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत हिशेब तपासून व्हायला हवेत. तसे होतात का, तेही कळेल.

वसतिगृहाला जागा असणार, म्हणून एक जास्तीचं सांगते. ‘रस्त्याकडेची बाजू गाळ्यांना नऊ वर्षांनी देऊन टाकू’ असं कुणीतरी कधीतरी म्हणणारच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ तेव्हा आठवा. विक्री तर सोडाच, इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायची तरी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते; शेतजमिनीला ही मुदत दहा वर्षं. ठराव पटला नाही तर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणा आणि नोंद झालेली डोळ्यांनी बघून मगच सही करा. गप्प बसलात तर वहीत ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं.

विद्यार्थ्याकडे हिशेब मागायचा संकोच वाटेल का? मला नाही वाटत. वह्या तपासण्यात तुमचा जन्म गेला. कागद मागितल्यावर तो ‘उद्याच आणतो, बाई’ म्हणाला तर बिनधास्त हो म्हणा. ‘तुमचा विश्वास नाही का?’ म्हणाला, तर गुडघेदुखीचं कारण सांगून मोकळ्या व्हा.

आणि पुढे कधी सोडायची वेळ आली, तर राजीनामा लेखी द्या, पोच घ्या आणि बदल अर्जाचा पाठपुरावा स्वतः करा. मी वाचनालय सोडून दोन वर्षं झाली. उताऱ्यावर अजून आहेच.