नॅक्सॉस : किनारा पायथ्याशी, गावं डोंगरात

प्रश्न : जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही ग्रीसला जातोय. पाच दिवसांत समुद्र आणि जुनी गावं, दोन्ही हवंय. बेट कुठलं निवडावं, सँटोरिनी की नॅक्सॉस? मुलांना पोहता येत नाही, सासूबाई शाकाहारी आहेत. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नॅक्सॉस. सँटोरिनीची काळी वाळू दुपारी तळपाय भाजते. नॅक्सॉसला पश्चिमेकडे लांबलचक सोनेरी पट्टा आहे. मुक्काम खोरा या बंदराच्या गावातच करा. तिथून आयिओस येऑर्गिओसचा किनारा पायी गाठता येतो, पाणी बरंच आतपर्यंत उथळ. आयिओस प्रोकोपिओस जास्त देखणा, पण काही पावलांतच खोल होतो.

विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, त्याचा इथं फायदाच. जुलै-ऑगस्टात उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटला की बोटी रद्द होतात, वेगवान बोटी सगळ्यात आधी. जूनमध्ये तो त्रास कमी. तरी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोहोचा.

गावांसाठी एक अख्खा दिवस ठेवा. बसचं तिकीट चढण्याआधी बंदराजवळ काढा. हाल्की, फिलोटी, मग अपेरांथोस असा रस्ता चढतो. वळणं फार, मळमळणाऱ्यांनी पुढं बसावं. अपेरांथोसच्या गल्ल्यांत संगमरवराची फरशी आहे, वापरून गुळगुळीत झालेली. सपाट चपला हमखास घसरतात. परतीची शेवटची बस फलकावर आधी बघा, रविवारी फेऱ्या कमी असतात.

सासूबाईंसाठी ‘फावा’ मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा ना! ‘येमिस्ता’ म्हणजे टोमॅटो-शिमला मिरचीत भरलेला भात. कधी त्यात खिमा असतो, विचारून घ्या. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडी नसतात, पण शिंपले असू शकतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर आणू नका. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. परतीनंतर पासपोर्टची तीन महिने मुदत उरायला हवी, आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना नको.

प्रश्न : तिथं स्कूटर भाड्यानं घेतली तर आपलं लायसन्स चालेल का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आपल्या आरटीओतून निघतो, मुदत एक वर्ष. त्यात दुचाकीच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते खिडकीवरच तपासा; नुसता कारचा असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. गाडी उजव्या बाजूनं चालवायची आहे. डोंगरातल्या वळणांवर सवयीनं डावीकडे जाणं हाच मोठा धोका, म्हणून नवख्यांनी स्कूटर किनाऱ्यापुरतीच वापरावी, गावांना बसनं जावं.