ट्रकच्या मागे पडलेली फांदी

चिरंजीव,

(आशीर्वाद देण्याइतकी म्हातारी झालेली नाही, पण नुसतं 'हाय' लिहून पत्र सुरू करायला हात धजत नाही.)

तुझा बायोडेटा वाचला. दोन पानं, सहा प्रोजेक्ट. त्यातले चार मी या महिन्यात आणखी तिघांच्या बायोडेटात पाहिले आहेत. त्यात तुझा दोष नाही, सगळे एकाच यूट्यूबवरून शिकतात. 'ट्रान्सफॉर्मर आधी शिकू की रीइन्फोर्समेंट लर्निंग?' (दोन्ही एआयमधले विषय) या तुझ्या प्रश्नाचं उत्तर खाली कुठेतरी दोन ओळींत देईन. त्याला दोन ओळी पुरतात.

व्हॉट्सॲपवर मात्र तू जाता जाता एक वाक्य टाकलं आहेस: 'माझा मामा ट्रेलर चालवतो, न्हावा शेवा ते चाकण.' हे बायोडेटात का नाही? विनाचालक ट्रकवर काम करायचंय म्हणतोस, आणि घरात ट्रेलर चालवणारा माणूस आहे हे लपवतोस? आमच्या टीममध्ये ट्रकच्या कॅबिनमध्ये एकदा तरी बसलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मीसुद्धा बसले ती या कामात येऊन दोन वर्षं झाल्यावर. तोवर ऐरोलीच्या नवव्या मजल्यावर एसीत बसून अमेरिकेत टेक्सासात धावणाऱ्या ट्रकच्या व्हिडिओतले हायवे फ्रेम-फ्रेमने (एकेक चित्र करून) बघत होते आणि आपल्याला ट्रक कळतो अशी माझी समजूत होती.

कळंबोलीहून रात्री अकराला निघालो. चालक साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. मागे भरलेला कंटेनर. बोरघाट उतरणीला भीतीचा, चढणीला कंटाळ्याचा, एवढंच मला माहीत होतं. येताना, उतरणीवर, त्यांनी एकाएकी वेग आणखी कमी केला. पुढे रस्ता मोकळा दिसत होता. मी विचारलं, का हो? म्हणाले, 'वास येतोय की. पुढच्याचे ब्रेक-लायनर जळतायत.' दोन वळणांनंतर तो पुढचा ट्रक दिसला, चाकातून धूर निघत होता. डिझेल वाचवायला काहीजण न्यूट्रलमध्ये उतरतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून हात टेकतात. आमच्या ट्रकवर कॅमेरे आहेत, रडार आहेत, लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे) आहेत. नाक नाही.

हे ऐकून तू लगेच 'वासाचा सेन्सर' असा प्रोजेक्ट काढशील, म्हणून आधीच सांगते, तसं करू नकोस. मी हे सांगतेय ते तो माणूस न दिसणाऱ्या गोष्टीवरून निर्णय कसा घेतो ते तुझ्या लक्षात यावं म्हणून.

आता फांदी. आपल्याकडे ट्रक बंद पडला की क्लीनर उतरतो, चाकामागे दगड लावतो आणि पन्नास पावलं मागे एक झाडाची फांदी तोडून टाकतो. मागून येणाऱ्याला कळतं, पुढे गाडी उभी आहे. अमेरिकेत याच कामासाठी परावर्तक त्रिकोण ठेवायचा नियम आहे, तीन ठेवायचे, चालकाने उतरून, दहा मिनिटांच्या आत. विनाचालक ट्रकवाल्यांची गंमत इथेच झाली. ट्रकमध्ये माणूसच नाही तर त्रिकोण ठेवायला उतरणार कोण? कंपन्यांनी त्याऐवजी कॅबवर लुकलुकणारे दिवे चालतील का असं विचारलं. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने नकार दिला आणि भांडण कोर्टात गेलं. एवढं गणित, एवढे जीपीयू (गणितं करणाऱ्या चिप), आणि गाडं अडलं ते प्लॅस्टिकच्या त्रिकोणावर. मला हे फार आवडतं.

तर फांदी. मॉडेल, म्हणजे चित्रांवरून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवायला चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आधी नाव द्यावं लागतं. ते लेबल करणाऱ्या मुलीला तू काय सांगशील? 'झाडी' या वर्गात टाक? मग मॉडेल म्हणेल, रस्त्याकडेची झाडी, दुर्लक्ष करा. 'कचरा' म्हणून टाक? मग ते चुकवून पुढे जाईल आणि पुढे उभ्या ट्रकवर आदळेल. 'इशारा' असा नवा वर्ग काढशील? मग वादळात पडलेल्या प्रत्येक फांदीला ट्रक घाबरेल. उत्तर फांदीत नाहीच, फांदी आणि तिच्या पुढे पन्नास पावलांवर काय आहे त्या दोघांत आहे. आम्ही या असल्या वादात अख्खे दिवस घालवतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मॉडेल बनवतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात संध्याकाळी नुसता उभा राहून बघ. ट्रकच्या फाळक्याबाहेर सळ्या लोंबतायत, टोकाला लाल फडकं. असा माल बाहेर काढून नेणं नियमात बसत नाही, तरी दिसतोच. आता लेबलसाठी चित्रातल्या त्या ट्रकभोवती चौकोन काढायचा आहे. चौकोन फाळक्याशी संपवायचा की सळीच्या टोकाशी? फाळक्याशी संपवलास तर मॉडेलच्या लेखी पुढे दोन मीटर मोकळी जागा आहे, जिथे प्रत्यक्षात सळ्या आहेत. टोकाशी संपवलास तर 'ट्रक' या वस्तूची लांबीच बिघडते. लायडारचे किरण दुरून त्या बारीक सळ्यांच्या मधून निघून जातात, एखाद-दुसरा बिंदू परत येतो, आणि सॉफ्टवेअरमधली गाळणी त्याला धूळ समजून फेकून देते. लाल फडकं तेवढं कॅमेऱ्याला दिसतं, तेही दिवसा. यावर मी स्वतः तीन वेळा मत बदललंय.

थोडे आकडे बघ, म्हणजे ट्रक ही मोठी कार नव्हे हे पटेल. अमेरिकेतल्या हायवेवर ट्रक ताशी १०५ किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला २९ मीटर. भरलेलं वजन ३६ टनांपर्यंत. थांबायला दीडशे मीटरच्या पुढेच लागतात, रस्ता ओला असेल तर विचारू नकोस. म्हणून आम्हाला ३०० मीटरवरचं दिसायला हवं. साठ अंशांचा, आडवे १९२० पिक्सेल असलेला कॅमेरा घे आणि ३०० मीटरवर अर्धा मीटर रुंद टायरचा तुकडा ठेव. किती पिक्सेल येतात? तीन. कागदावर करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यात कॅबिन स्वतःच्या स्प्रिंगांवर डुलते आणि सेन्सर त्या कॅबिनवर बसवलेले. अर्ध्या अंशाचा फरक पडला तर २०० मीटरवर पावणेदोन मीटर चूक, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनचा अर्धा भाग. शेजारच्या लेनमधली गाडी तुझ्या लेनमध्ये आली असं ट्रकला वाटेल. मग कॅलिब्रेशनवर, म्हणजे सेन्सरचा नेम अचूक बसवण्याच्या कामावर, कोणी का बसत नाही? कारण त्यावर पेपर लिहून नाव होत नाही.

आता माझी एक चूक सांगते. मी ती मुलाखतींत सांगत नाही.

तिसऱ्या वर्षी मी वस्तू ओळखण्याचं एक मॉडेल सुधारलं. गुण दोन टक्क्यांनी वाढले, टीममध्ये पेढे वाटले. मग जुन्या प्रवासांच्या नोंदींवर ते चालवून पाहिलं तर चढाच्या माथ्याजवळ ट्रक उगाचच ब्रेक मारायला लागला. कारण असं निघालं की चढावर असताना माथ्यापलीकडची, रस्त्याच्या वर टांगलेली मोठी पाटी नेमकी नाकासमोर येते, आणि माझं मॉडेल तिला उभं वाहन समजत होतं. चाचणीत हे का दिसलं नाही? मी डेटाची वाटणी फ्रेमनुसार केली होती. एकाच प्रवासातली एक फ्रेम शिकवणीत, तिच्या पाठोपाठची चाचणीत. म्हणजे परीक्षेचा पेपर आदल्या रात्री वाटून वर मुलं हुशार झाली म्हणण्यासारखं. वाटणी प्रवासानुसार करायची असते, जमल्यास रस्त्यानुसार, ऋतूनुसार. हे पुस्तकात असतं. मीही वाचलं होतं.

'उगाच ब्रेक मारला तर काय बिघडलं, सुरक्षितच ना?' असं नवीन आलेला प्रत्येकजण म्हणतो. ३६ टनांच्या गाडीने भर हायवेवर विनाकारण ब्रेक मारला तर मागचा येऊन धडकतो. या कामात 'सावध राहणं' नावाचं सोपं बटण नाही. न थांबण्याची किंमत आणि उगाच थांबण्याची किंमत, दोन्ही माणसांच्याच जिवाची.

पेपर वाच, पण अपघातांचे सरकारी अहवाल आधी वाच. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पीत एका स्वयंचलित चाचणी कारने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली, ती गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल २०१९ चा आहे. प्रणालीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. मग कधी 'वाहन', कधी 'इतर', कधी 'सायकल' असं लेबल बदलत राहिलं, आणि दर बदलाला आधीची हालचाल विसरली गेली. त्यामुळे ती रस्ता ओलांडतेय हे वेळेत कळलंच नाही. सायकल ढकलत जाणारं माणूस कोणत्या रकान्यात बसतं हे ठरवण्यात वेळ गेला. त्या अहवालाची प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये असते. कोणी 'लेबल थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं' म्हणालं की काढते.

बरं, तुझा प्रश्न. ट्रान्सफॉर्मर शिक, रीइन्फोर्समेंट थांबू शकतं. त्याहून आधी सी प्लस प्लस (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि त्रिमितीची भूमिती. काल्मन फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप जुळवून वस्तू कुठे आहे ते ठरवणारं गणित, १९६० चा आहे आणि अजून आमचं पोट भरतो.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका ट्रकने बिअरचे खोके स्वतः नेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पाचच वर्षं. याच कामातल्या कंपन्यांपैकी स्टारस्की रोबोटिक्स २०२० मध्ये बंद पडली, एम्बार्क २०२३ मध्ये दुसऱ्याने घेतली. ऑरोराने २०२५ मध्ये डॅलस-ह्युस्टन मार्गावर चालकाविना माल न्यायला सुरुवात केली, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या आग्रहाने पुढच्या सीटवर पुन्हा एक माणूस बसवला. आपल्याकडे तर गडकरींनी विनाचालक गाड्या येऊ देणार नाही असं २०१७ मध्येच सांगितलं, पुढेही सांगत राहिले, चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन. म्हणजे तू ऐरोलीत किंवा महापेत बसून तिकडच्या रस्त्यासाठी काम करशील. टेक्सासात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मीटिंग संपेपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी ओसरलेली असते, हा एक फायदा. सहा महिन्यांची गंगाजळी बाजूला ठेव आणि ईएमआय उशिरा सुरू कर.

शेवटी तू जे विचारलंस, आणि पाठवून लगेच डिलीट केलंस, ते मी वाचलं होतं. 'मामाला काय सांगू?'

नव्या नोकऱ्या निर्माण होतील वगैरे सांगू नकोस. कदाचित होतील, पण त्या पन्नाशीच्या माणसाला मिळतीलच असं नाही. आज जे चालतंय ते सरळ हायवेवर चालतंय. बंदराच्या गेटवर कागद दाखवणं, कंटेनरचे लॉक बघणं, पंक्चर, घाट, टोलवरची हुज्जत, रात्री डिझेल चोरणाऱ्यांवर नजर, यातलं काही आमच्या मॉडेलला येत नाही आणि लवकर येईल असं मला दिसत नाही. म्हणून त्याची नोकरी उद्या जात नाही. पण माझ्या कामाचा हेतू कॅबिन रिकामी करणं हाच आहे, हे मी त्या साताऱ्याच्या चालकांना त्याच रात्री सांगितलं होतं. ते हसले आणि म्हणाले, 'आधी माझ्या कंबरेची काहीतरी सोय करा.' मग बराच वेळ कोणी बोललं नाही. माझ्याकडे याहून बरं उत्तर अजून नाही.

तर पुढच्या पंधरा दिवसांत दोन फेऱ्या मामाबरोबर कर, एक रात्रीची. त्याने वेग कमी केला की प्रत्येक वेळी विचार, का. लिहून ठेव, मोबाइलवर नको, वहीत. कॅबिनमध्ये मोबाइल बघून मळमळतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा डेटासंच खुला केलाय, दहा हजारांवर चित्रं, ३४ वर्ग, त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे. तो उतरवून घे आणि तुझ्या वहीतल्या किती गोष्टींना त्यात रकाना नाही ते मोज. हा तुझा सातवा प्रोजेक्ट. इतरांच्या बायोडेटातही असलेले ते चार काढून टाक.

माझ्याकडे एक जुना डॅशकॅम पडून आहे. रविवारी ऐरोली स्टेशनला ये, पूर्वेच्या बाजूला, अकरानंतर. कुठे चिकटवायचा ते मामाला विचारून ठरव. काचेवर मध्यभागी बहुतेक देवाचा फोटो आणि लिंबू-मिरची असेल, त्याला हात लावू नकोस.

तुझी ताई
('मॅडम' म्हणालास तर डॅशकॅम मिळणार नाही.)